सलाईन लावलं की झिपरी बरी व्हायची

सलाईन लावलं की झिपरी बरी व्हायची. तीनदा लावलं, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ती शेपटी हलवत घरी आली. आणि ती अशी बरी होत राहिली म्हणूनच तिचा खरा आजार सात महिने कुणाच्या लक्षात आला नाही. चौथ्या वेळी तिला जागेवरून उठता येईना, तेव्हा कळलं की इतके दिवस आपण फक्त उलटी थांबवत होतो. ती का होते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

ज्यांच्या कुत्र्याला 'अधूनमधून उलटी होते' त्यांना माझ्याइतके महिने लागू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

झिपरी आमच्याकडे आली तेव्हा दोन महिन्यांची होती. कानांवर, पायांवर विस्कटलेले लांब केस, म्हणून झिपरी. हे सगळं सुरू झालं तेव्हा ती चार वर्षांची होती, वजन १८ किलो ४०० ग्रॅम. त्याआधी तिला कधी उलटी झालीच नव्हती असं नाही. गवत खाऊन ओकणं, अधाशासारखं गिळून लगेच बाहेर काढणं, हे कुत्रं असलेल्या घरात चालायचंच. त्यामुळे जानेवारीत, चार दिवस तिला दुसरीकडे सांभाळायला ठेवून परत आणलं त्या रात्री ती ओकली, तेव्हा मी फरशी पुसली आणि पुन्हा झोपले. पहाटेपर्यंत पाच वेळा झाली. आधी रात्रीचं जेवण पडलं, मग नुसतं पाणी, शेवटी पिवळा फेस. सकाळी तिने खाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला हात लावायच्या आधी मलाच विचारलं, "उलटीच झाली ना? नक्की?"

मला प्रश्नच कळला नाही.

"ओकायच्या आधी ती काय करत होती ते सांगा. ओठ चाटत होती? लाळ गळत होती? पोट भात्यासारखं हलत होतं?"

हलत होतं. मान पुढे ताणलेली, घशातून तो खोल आवाज, पोट आत-बाहेर. मग ही उलटी, असं ते म्हणाले, आणि चार वर्षं कुत्रं पाळूनही मला माहीत नसलेला एक फरक त्यांनी समजावून सांगितला. उलटीत पोटाचे स्नायू जोर लावतात. आधी मळमळ असते, कुत्रं बेचैन होऊन फिरतं, आवंढे गिळतं, आणि मग जठरातलं वर फेकलं जातं. दुसऱ्या एका प्रकारात जोर लागतच नाही. कुत्रं मान खाली घालतं आणि गिळलेलं अन्न तसंच्या तसं, कधी कधी वळकटीसारखं लांबट होऊन, तोंडातून घरंगळतं. ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. तिथे दोष अन्ननलिकेचा असतो. ती सैल पडून फुगलेली असते, नाहीतर तिच्यात काही अडकलेलं असतं. अशा कुत्र्याला उलटीचं औषध देऊन काही साधत नाही. उलट वर आलेलं अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया व्हायची भीती असते.

"पुढच्या वेळी फोनवर व्हिडिओ काढा," ते म्हणाले. "फरशी नंतर पुसा."

मग त्यांनी तिचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं आणि सोडलं. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर आहे की चिकट, ते पाहिलं. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली, ती चटकन जागेवर गेली नाही. पाणी कमी झालं होतं. सलाईन लावलं आणि मॅरोपिटंट नावाचं इंजेक्शन दिलं. ते जरा झोंबतं, झिपरी कळवळली. पण तासाभरात ओठ चाटणं थांबलं आणि ती माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपली.

सलाईन संपेपर्यंत बसून असताना मी विचारलं, की हे औषध पोटावर काम करतं का. ते म्हणाले, मुख्यतः मेंदूवर. मेंदूत उलटीचं एक केंद्र असतं आणि त्याला खबर देणारे बरेच असतात. जठर-आतड्यांकडून नसा येतात. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग कळवतो, म्हणून गाडीत कुत्री ओकतात. आणि मेंदूतलाच एक भाग सतत रक्ताची चव घेत असतो. मूत्रपिंडं थकली, यकृत बिघडलं, अंगात विष गेलं, की ते रक्तावरून त्याला समजतं. म्हणजे उलटी जठरातून बाहेर येते, पण तिचं मूळ जठरातच असेल असं नाही. हे मी त्या दिवशी ऐकलं, मला पटलं, आणि मी ते विसरून गेले.

घरी काय करायचं तेही त्यांनी सांगितलं, आणि ते मात्र मी आजही पाळते. ओकल्यावर कुत्र्याला तहान लागते, ते भांडंभर पाणी एका दमात पितं आणि ताणलेलं जठर ते लगेच परत फेकतं. म्हणून भांडं उचलून ठेवायचं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार चमचे पाणी द्यायचं. बर्फाचा खडा चाटू दिला तरी चालतो. उलटी थांबून काही तास गेले, पाणी पोटात टिकलं, की कातडी, हाड, तेल, मीठ काहीही नसलेलं उकडलेलं चिकन एक भाग आणि मऊ शिजवलेला भात दोन भाग, असं थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. दोन-तीन दिवस हे पचलं की नेहमीचं अन्न हळूहळू मिसळत जायचं. पिल्लाला आणि अगदी लहान चणीच्या कुत्र्याला मात्र उपाशी ठेवायचं नाही, त्यांची साखर झपाट्याने उतरते. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या होऊ लागल्या तर घरगुती उपायात एक तासही घालवायचा नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची सुरुवात अशीच होते.

माणसांच्या गोळ्यांबद्दल त्यांनी आवाज चढवून सांगितलं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होतात, मूत्रपिंडं जातात. काही विषारी खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्नही करायचा नाही. त्या मिठानेच जीव जाऊ शकतो. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या, यातलं काही पोटात गेलं असेल तर उलटी होण्याची वाट न पाहता फोन करायचा. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे सांगायचं आणि वेष्टन बरोबर न्यायचं.

आणि एक चित्र त्यांनी माझ्या डोक्यात कायमचं बसवलं. कुत्रं उमासे देतंय, पुन्हा पुन्हा देतंय, पण बाहेर काही पडत नाही, किंवा नुसती चिकट लाळ पडते, आणि पोट ढोलासारखं तट्ट होत चाललंय. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये हे जास्त दिसतं. जठर वाऱ्याने फुगून स्वतःभोवती पिळलेलं असतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. शस्त्रक्रियेसाठी हातात काही तासच असतात. "त्या वेळी फोन करून विचारत बसू नका," ते म्हणाले, "गाडीत घाला आणि निघा." उलटीत ताजं रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, पाणीही टिकत नसलं, कुत्रं मलूल होऊन हाकेला वळत नसलं, तरी थांबायचं नाही.

झिपरीचं यातलं काही नव्हतं. ती बरी झाली.

मार्चमध्ये घरात आठवडाभर पाहुणे होते. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्रभर उलट्या, सकाळी सलाईन, संध्याकाळी शेपटी. या वेळी एक नवीन गोष्ट होती. मधल्या काळात तीन-चारदा पहाटे पिवळा फेस पडला होता. डॉक्टर म्हणाले, रात्री लवकर जेवून सकाळपर्यंत उपाशी राहणाऱ्या कुत्र्यांना हा त्रास होतो. रिकाम्या जठरात पित्त येतं आणि ते चुरचुरतं. झोपायच्या आधी थोडं खायला द्या. दिलं. फेस कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही.

त्या वेळी आमचे बाबा मला म्हणाले, "तू दरवेळी डॉक्टरांना आठवून आठवून सांगतेस. लिहून ठेव." बाबा स्वतःचं ब्लड प्रेशर वर्षानुवर्षं वहीत लिहितात, आणि त्यांच्या वहीत शेवटचा रकाना असतो 'काल काय झालं'. जागरण, प्रवास, कुणाशी वाद, असं काहीबाही. त्यांनीच मला वही आखून दिली. तारीख, वेळ, शेवटचं खाऊन किती तास झाले, किती वेळा, रंग, त्यात काय होतं, शी कशी झाली, भूक, आणि शेवटी तो रकाना. कुत्र्याच्या वहीत 'काल काय झालं' कशाला, असं मला वाटलं होतं. पण बाबांनी आखलाय म्हणून भरत गेले.

मे महिन्यात दोन रात्री विजांचा कडकडाट झाला. झिपरी पलंगाखाली थरथरत होती. तिसऱ्या दिवशी उलट्या.

आता डॉक्टरही चिंतेत पडले. भरती करून सलाईन चालू केलं आणि मग तपासण्यांना लागले. पहिली शंका, काही गिळलंय का. घरातला एक मोजा सापडत नव्हता, त्यामुळे माझा जीव टांगणीला. एक्स-रेमध्ये हाड, दगड, धातू दिसतो, पण कापड, रबर, प्लास्टिक सहसा थेट दिसत नाही. आतड्यात अडकून पडलेला वारा, फुगलेली वेटोळी, यांवरून अंदाज करावा लागतो. म्हणून सोनोग्राफीही केली. अडथळा असेल तर नुसतं उलटीचं औषध देत राहणं घातक, कारण उलटी थांबते आणि आतडं आत कुजत राहतं. अडथळा नव्हता. मोजा नंतर कपाटामागे सापडला. दुसरी शंका स्वादुपिंडाला सूज. त्यात कुत्रं पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर ठेवून, नमस्कार घातल्यासारखं उभं राहतं, कारण पोट दुखत असतं. झिपरी तशी कधी उभी राहिली नव्हती. त्यासाठीची वेगळी रक्ततपासणीही नकारार्थी आली. बाकीच्या रक्तात युरिया किंचित वाढलेला होता. पाणी कमी झाल्याने वाढला असेल, असं ठरलं. सोडियम १४२, पोटॅशियम ५.५. दोन्ही आकडे कागदावरच्या मर्यादेत होते, शेजारी बाण नव्हता. मी तो कागद घडी घालून वहीत ठेवला.

जून-जुलैत अन्न बदलून पाहिलं. काही कुत्र्यांची आतडी एखाद्या प्रथिनावर चिडलेली असतात, आणि ते प्रथिन बारीक तोडलेलं खास अन्न दिलं की पुष्कळांना दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो. अट एकच, दुसरा एक कणही पोटात जाता कामा नये. आम्ही घरातल्या सगळ्यांनी ती अट पाळली. लेकीने स्वतःचं खाणंसुद्धा दार लावून खाल्लं. फरक पडतोय असं मधूनच वाटायचं, मधूनच वाटायचं नाही. वजन मात्र उतरत होतं. १८.४ वरून १७.२, मग १६.१. जिना चढताना तिचे मागचे पाय कापायचे. मी वहीत लिहिलं, 'पाय थरथरतात. थंडी?' थंडीचे दिवस नव्हते.

ऑगस्टमध्ये आम्ही घर बदललं. सामान हलवण्याचे तीन दिवस झिपरी एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. नव्या घरातल्या पहिल्याच रात्री ती ओकली, दोनदाच. मी व्हिडिओ काढला, हिरडी पाहिली. दाबलेला ठिपका गुलाबी व्हायला मी मोजत राहिले, एक, दोन, तीन, चार. तिला उभं करायला गेले तर पाय कागदाचे असल्यासारखे दुमडले. अंग गार लागत होतं. रात्रीचे अडीच. नेहमीचा दवाखाना बंद, म्हणून रात्रभर उघडं असणारं दुसरं रुग्णालय गाठलं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मला वाटलं ठोके सापडत नाहीयेत. मग त्या सहकाऱ्याला म्हणाल्या, "अंगातलं पाणी इतकं आटलंय, रक्तदाब पडलाय, आणि ठोके फक्त ५२?"

पाणी कमी झालेल्या, घाबरलेल्या कुत्र्याचं हृदय धावायला हवं. झिपरीचं रेंगाळत होतं. त्या एका विसंगतीवर त्या थांबल्या. सलाईनची सुई घातली आणि ते चालू करायच्या आधी त्याच सुईतून रक्त घेतलं. दहा-पंधरा मिनिटांत आकडे आले. सोडियम १२७, पोटॅशियम ७.९. ईसीजीच्या कागदावर तंबूसारख्या टोकदार लाटा. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, "पोटॅशियम इतकं वाढलं की हृदय थांबू शकतं. आधी ते खाली आणते, मग बोलू." मग कॅल्शियम दिलं, ते हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळून धरतं. ग्लुकोज आणि इन्सुलिन दिलं, त्याने पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकललं जातं. सलाईन वेगात. आणि डेक्सामिथासोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्या रात्री यातलं मला काहीच कळत नव्हतं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन "बाळा, मी इथेच आहे" एवढंच म्हणत होते. पहाटे ठोके ९० च्या घरात आले आणि तिने डोळे उघडून मला शोधलं.

उजाडल्यावर डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसल्या. "याआधी असं झालंय का?" मी वही दिली. त्या उलटीचे रंग, तास सगळं चाळत शेवटच्या रकान्यापाशी आल्या आणि बोट फिरवत मोठ्याने वाचू लागल्या. चार दिवस बाहेर ठेवली. पाहुणे. विजा. घर बदललं.

"उलटी दरवेळी ताणानंतर आलीय," त्या म्हणाल्या. "आणि दरवेळी सलाईनने बरी झालीय. मला अ‍ॅडिसनची शंका आहे."

मूत्रपिंडांच्या डोक्याशी दोन लहानशा ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्या कॉर्टिसोल बनवतात. भीती, दगदग, आजार, यांना तोंड द्यायला शरीराला ते लागतं, आणि आतड्यांचं अस्तर धड राहायलाही लागतं. त्याच ग्रंथी अल्डोस्टेरॉन बनवतात. ते सोडियम शरीरात राखतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं. अ‍ॅडिसनमध्ये या ग्रंथींचं बाहेरचं आवरण निकामी होतं, बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती ते खाऊन टाकते. माणसांमधला हा आजार लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन या डॉक्टरांनी १८५५ मध्ये मांडला, म्हणून हे नाव. कुत्र्यांमध्ये तो तरुण ते मध्यम वयात, आणि माद्यांमध्ये जास्त दिसतो. तो उलटीचं, जुलाबाचं, अशक्तपणाचं सोंग घेऊन येतो, बरा झाल्यासारखा वाटतो, पुन्हा येतो. शांत दिवसांत उरलंसुरलं कॉर्टिसोल पुरतं. ताण आला की पुरत नाही.

आणि सलाईन? सलाईनमध्ये सोडियम असतं. ते सोडियम भरून काढतं, पोटॅशियम पातळ करतं, लघवी वाढवून बाहेर घालवतं, रक्तदाब उचलतं. म्हणजे तीनही वेळा आम्ही नकळत आजाराचाच अर्धा उपचार करत होतो. मे महिन्यातलं रक्त सलाईन चालू झाल्यावर घेतलेलं होतं. मी वहीतून तो घडी घातलेला कागद काढून दिला. डॉक्टरांनी १४२ ला ५.५ ने भागून दाखवलं, जवळजवळ २६. हे गुणोत्तर २७ च्या खाली गेलं की अ‍ॅडिसनचा विचार करतात. एकेकटा आकडा मर्यादेत होता, दोघांचं नातं बिघडलेलं होतं. त्याच कागदावर लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर होत्या. कुत्रं खरोखर आजारी असलं की कॉर्टिसोल वाढतं आणि या पेशी कमी होतात. इतक्या आजारी कुत्रीत त्या कमी झालेल्या नसणं, हीसुद्धा खूण होती.

ऑगस्टच्या त्या रात्री क्रिएटिनिनही, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो घटक, वाढून ३.१ झालं होतं. नुसतं तेवढंच पाहिलं असतं तर मूत्रपिंडं गेली असं वाटलं असतं, आणि या आजारात तसा गैरसमज होतो असं त्या म्हणाल्या. दोन दिवसांत ते खाली आलं.

शंका आणि निदान यांत एक तपासणी असते. रक्त घेतात, मग ग्रंथींना 'कॉर्टिसोल बनवा' असं सांगणारं संप्रेरक टोचतात, तासाभराने पुन्हा रक्त घेतात. धडधाकट ग्रंथी असतील तर दुसरा आकडा उडी मारतो. झिपरीचे दोन्ही आकडे १ च्या खाली होते. ग्रंथी हललीच नव्हती. रात्री प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडऐवजी डेक्सामिथासोन का दिलं, तेही तेव्हा समजलं. प्रेडनिसोलोन या तपासणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जातं आणि निकाल फसतो. जीव वाचवण्याच्या घाईतही त्या डॉक्टरांनी सकाळच्या तपासणीचा विचार करून ठेवला होता. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी जो आदर वाटतो तो शब्दांत मावत नाही.

आधीच्या डॉक्टरांचा राग येतो का, असं मला मैत्रिणीने विचारलं. येत नाही. त्यांनी मला हिरडी पाहायला शिकवली, व्हिडिओ काढायला शिकवलं, आणि त्या रात्री मी तासभरही न थांबता निघाले ते त्यांच्यामुळेच. पण एक गोष्ट मी आता कुणालाही आग्रहाने सांगते. कुत्रं वारंवार ओकत असेल, वजन उतरत असेल, तर सलाईन लावायच्या आधी रक्त घ्या आणि सोडियम-पोटॅशियमही मोजा, असं आपण होऊन म्हणा. आकडे ठीक आले तरी शंका उरत असेल तर कॉर्टिसोल तपासता येईल का, हे विचारा. काही कुत्र्यांत सोडियम-पोटॅशियम बिघडत नाही, फक्त कॉर्टिसोल कमी असतं.

उपचार आयुष्यभराचा आहे, पण अवघड नाही. साधारण २५ दिवसांनी एक इंजेक्शन, ते अल्डोस्टेरॉनचं काम करतं. त्याऐवजी रोज गोळी देण्याचाही मार्ग असतो. आणि कॉर्टिसोलच्या जागी रोज प्रेडनिसोलोनचा अगदी छोटा डोस. पहिले काही आठवडे डोस जास्त होता, तेव्हा झिपरी तहानेने व्याकूळ व्हायची, रात्री दोनदा बाहेर न्यावं लागायचं, आणि भूक अशी की भांडं चाटून पुसून ठेवायची. मग डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. पहिल्या इंजेक्शननंतर दहा-बारा दिवसांनी आणि पुन्हा २५ व्या दिवशी रक्त तपासलं, त्यावरून तिचं प्रमाण ठरलं. ताणाचा दिवस येणार असेल, प्रवास, पाहुणे, दवाखाना, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी प्रेडनिसोलोन दुप्पट. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कधीच नाही. प्रवासाच्या पिशवीत औषध आणि तिच्या आजाराची चिठ्ठी असते, कारण रात्री अडीच वाजता समोर कोणते डॉक्टर असतील ते सांगता येत नाही.

पुढच्या जानेवारीपर्यंत वजन १८ किलो २०० ग्रॅम झालं. जिना ती दोन-दोन पायऱ्या चढते. औषध वेळेवर असेल तर इतर कुत्र्यांइतकं आयुष्य जगेल, असं डॉक्टर म्हणाल्या.

मागच्या महिन्यात एका पहाटे तो आवाज पुन्हा आला. मी अंथरुणातून उठेपर्यंत हात कापत होते. व्हिडिओ काढला. हिरडी गुलाबी, ओली, ठिपका एका सेकंदात भरला. फरशीवर हिरव्या काड्यांचा चोथा आणि थोडा फेस. बाबाही उठून आले, वही त्यांच्या हातात होती. आदल्या दिवशी काय झालं, ते आम्ही दोघं आठवत बसलो. पाहुणे नव्हते, वादळ नव्हतं, गोळी चुकली नव्हती. संध्याकाळी फिरताना ती बराच वेळ गवतात तोंड घालून चरत होती, एवढंच. तरी सकाळी रक्त तपासून घेतलं. सोडियम १४६, पोटॅशियम ४.६. बाबांनी चष्मा लावून भागाकार केला, ३१ च्या वर.

दवाखान्यातून आल्यावर झिपरी दारातच आडवी पडून झोपली. मी वही उघडून लिहिलं: पहाटे ५.२०. एकदा. हिरवट. भूक आहे. शेवटच्या रकान्यात लिहिलं, गवत.